निजणं हीसुद्धा प्रार्थनाच

 

आम्ही मंडळीच्या महिला संघातल्या बायका. आज आम्हाला प्रार्थनेवर बोलायला सांगितलंय आणि आम्ही बोलणार आहोत झोपेवर. ऐकून हसू येईल. पण बायांनो, आमच्या बैठकीत प्रार्थनेचा विषय निघाला की पाच-सहा वाक्यं हमखास कानावर येतात. "प्रार्थनेला बसले की डोळा लागतो." "पवित्र शास्त्र उघडलं की दुसऱ्या ओळीला मान खाली जाते." "गुडघ्यावर बसलं की झोप येते, आणि अंथरुणावर पडलं की येत नाही." आणि शेवटी कुणीतरी हळूच म्हणते, "देवाला मी आळशी वाटत असेन."

हे शेवटचं वाक्य आम्हाला बोचतं. दिवसभर जिच्या पाठीला पाट लागत नाही, ती बाई रात्री स्वतःला आळशी म्हणते! म्हणून आज हा विषय. आमचं सांगणं थोडक्यात असं, की झोप ही प्रार्थनेची वैरीण नाही, सोबतीण आहे. आपलं कुटुंब, आपलं कर्ज, आपली लेकरं देवाच्या हाती सोपवून डोळे मिटणं हा विश्वासाचाच भाग आहे. आणि जिला पोटभर झोप मिळत नाही, तिला प्रार्थनेचे उपदेश करण्याआधी झोप मिळवून देणं हे घरातल्या माणसांचं आणि मंडळीचं काम आहे. ऐकणाऱ्यांत दुसऱ्या धर्माच्या बहिणीही आहेत. आमचे दाखले आमच्या शास्त्रातले असतील, पण थकवा आणि झोप सगळ्यांची सारखीच.

आधी आपला दिवस मोजूया. पहाटे साडेचारला उठायचं. पाणी, झाडलोट, शेणकूर, चूल, डबे. मग खुरपणी नाहीतर मजुरी. संध्याकाळी धारा, पुन्हा चूल, पुन्हा भांडी. रात्री दहा वाजता हात पुसून आपण प्रार्थनेला बसतो. साडेचार ते दहा, साडेसतरा तास झाले. संशोधकांनी माणसांना जागं ठेवून त्यांची परीक्षा घेतली आहे. सलग सतरा-अठरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हातापायाचा वेग थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा मंद होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे दिवसाच्या ज्या घडीला आपली शुद्ध सगळ्यात कमी, ती घडी आपण देवासाठी राखून ठेवली आहे. मान खाली जाते त्यात भक्तीचा काय दोष? शरीर आपली मजुरी मागत असतं.

झोपेत शरीर नुसतं पडून नसतं. झोप फेऱ्याफेऱ्यांनी येते, एक फेरा साधारण दीड तासाचा. रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते, त्यात शरीराची झीज भरून निघते. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. याच वेळात मेंदू दिवसभराचं ऐकलेलं, शिकलेलं नीट लावून ठेवतो. मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. अकराला पाठ टेकून साडेचारला उठणाऱ्या बाईला साडेपाचच तास मिळतात. रोज दीड तासाची तूट. बचत गटाच्या वहीत रोज दीड रुपया कमी पडला तर आपण महिन्याच्या बैठकीत विचारतो, पण झोपेच्या वहीत कुणी बघत नाही.

ही तूट प्रार्थनेत कशी दिसते? प्रार्थनेला तीन गोष्टी लागतात. लक्ष, धीर आणि कृतज्ञता. झोप कमी पडली की पहिला घाव या तिघींवरच बसतो. लक्ष भरकटतं. एरवी हसून सोडली असती अशी सासूबाईंची गोष्ट झोंबते, लेकरावर हात उचलला जातो. आणि भीती मोठी होते. दिवसा ज्या हप्त्याचा हिशोब बोटांवर होतो, तोच हप्ता रात्री दोन वाजता डोंगराएवढा दिसतो. हप्ता तेवढाच असतो, थकलेलं मन त्याला फुगवतं. अशा मनाने केलेली प्रार्थना देव ऐकत नाही असं आम्ही म्हणणार नाही, तो ऐकतोच. पण आपल्याला त्याचं ऐकू येत नाही. प्रार्थनेत बोलणं असतं तसं ऐकणंही असतं, आणि ऐकायला जाग लागते.

आता शास्त्राकडे वळूया. पहिल्या राजांच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. कर्मेल डोंगरावर त्याने मोठं काम केलं, आणि लगेच ईजबेल राणीने त्याला मारायची धमकी दिली. तो जीव घेऊन पळाला. रानात एक दिवसाची वाट चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. बायांनो, आपल्यातल्या किती जणींनी मोरीत भांडी घासताना असं म्हटलं असेल! मग तो तिथेच झोपला. देवाने काय केलं? उपदेश केला नाही. विश्वास कुठे गेला म्हणून विचारलं नाही. दूत पाठवला, त्याने एलीयाला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं, कारण पुढची वाट लांबची होती. त्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर गेला. तिथे वारा सुटला, भूकंप झाला, आग आली, आणि त्या सगळ्यानंतर एक अगदी हळू आवाज आला. तो हळू आवाज एलीयाला ऐकू आला. आधी झोप, मग भाकरी, पुन्हा झोप, मग प्रवास आणि मग देवाचं बोलणं. हा क्रम ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानातली, चौथ्या अध्यायातली. या एका अध्यायात दोन जण झोपलेले आहेत. पहिला आहे शेतकरी. प्रभू येशूने दाखला दिला, की माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजून वाढतं. कसं वाढतं ते त्यालाही कळत नाही. आपण शेतकरी बायका, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पेरणी आपली, खुरपणी आपली, पण रात्री जागून ज्वारीच्या धाटाला कुणी वर ओढत नाही. ते काम आपलं नव्हेच. लेकरांचंही तसंच. संस्कार पेरायचे, खत-पाणी घालायचं, आणि रात्री निजायचं. आपण निजलो तरी देवाचं काम चालू असतं.

त्याच अध्यायाच्या शेवटी झोपलेला दिसतो तो खुद्द प्रभू. दिवसभर लोकांना शिकवून तो शिष्यांबरोबर नावेत बसला. मोठं वादळ उठलं, नावेत पाणी भरायला लागलं, आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपला होता. मार्कने उशीचाही उल्लेख केला आहे, हे आम्हाला फार आवडतं. देवाचा पुत्र थकला, त्याला झोप लागली, आणि त्याने उशी घेतली. त्याला झोपेची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी? शिष्यांनी घाबरून हाक मारली तेव्हा तो उठला आणि वादळ शांत केलं. पित्यावर भरवसा होता म्हणून वादळात झोप लागली, आणि तोच भरवसा त्याच्या वादळाला दिलेल्या आज्ञेतही होता.

स्तोत्रसंहितेत तिसरं आणि चौथं स्तोत्र पाहा. तिसऱ्याच्या मथळ्यात लिहिलं आहे की दावीद आपल्या मुलापासून, अबशालोमापासून पळत होता तेव्हाचं हे स्तोत्र. पोटचा पोर जिवावर उठलाय, आणि बाप म्हणतो की मी निजलो आणि उठलो, कारण देवाने मला सावरलं. चौथं स्तोत्रही निवांत झोपेवरच संपतं. एकशे सत्ताविसावं स्तोत्र तर आपल्याच घरासाठी लिहिल्यासारखं आहे. लवकर उठून, उशिरापर्यंत जागून, कष्टाची भाकरी खाऊनही देवाशिवाय सगळं फुकट, असं ते सांगतं, आणि झोप ही देवाने आपल्या माणसांना दिलेली देणगी आहे, असंही सांगतं. एकशे एकविसाव्यात देवच राखणदार आहे आणि त्याला डुलकीही येत नाही. राखणीला तो जागा आहे, मग दोघांनी जागायची गरज काय?

आणखी एक बारीक गोष्ट. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ. यहुदी लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. म्हणजे त्या हिशोबाने दिवसाची सुरुवात विश्रांतीने होते. आपण उलटं धरतो. आधी राबायचं, आणि उरलं तर निजायचं. रात्रीला उद्याच्या दिवसाची सुरुवात मानून पाहा. मग झोप ही उरलेली वेळ वाटणार नाही, पहिलं काम वाटेल.

आता कुणी विचारेल, "प्रभू स्वतः रात्रभर प्रार्थनेत जागला नाही का? गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा त्याने त्यांना उठवलं नाही का?" खरं आहे. बारा प्रेषित निवडायच्या आदल्या रात्री तो डोंगरावर रात्रभर प्रार्थना करत होता, हे लूकने लिहिलं आहे. कफर्णहूमात मोठ्या गर्दीच्या दिवसानंतर तो अंधार असतानाच उठून एकांतात गेला, हे मार्क सांगतो. आपल्या मराठी मंडळीतही जागून प्रार्थना करण्याची जुनी चाल आहे. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींनी १९०५ साली मोठ्या संख्येने एकत्र येऊन जी प्रार्थना केली, तिची आठवण अजून काढली जाते. आम्ही जागरणाच्या विरुद्ध नाही. कुणी आजारी आहे, गावावर संकट आहे, अशी एखादी रात्र आपण मनाने देवाला देतो. ती भेट असते. पण रोजची झोपमोड ही भेट नव्हे. ती ओढाताण आहे, तिला भक्तीचं नाव देऊ नये.

आणि गेथशेमानेची गोष्टही नीट वाचूया. शिष्य का झोपले? लूक सांगतो, दुःखाने. प्रभूने त्यांना जागं राहायला सांगितलंच, पण त्यांच्या देहाची दुर्बळताही त्यानेच बोलून दाखवली. त्याने त्यांना टाकलं नाही. याच प्रभूने दुसऱ्या वेळी, जेवायलाही सवड मिळत नव्हती तेव्हा, शिष्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्या असं सांगितलं. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस गावची गोष्ट आहे. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, माडीवरच्या खोलीत दिवे खूप होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना वाटलं तो मेला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, आणि पोरगा जिवंत घरी गेला. प्रवचनात झोपला म्हणून त्याला कुणी बोल लावल्याचं लिहिलेलं नाही. आमच्या पाळकसाहेबांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी!

फ्रान्समध्ये लिझ्यू गावच्या मठात संत तेरेझा होऊन गेली. १८७३ साली जन्मली आणि १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली. तिला प्रार्थनेच्या वेळी झोप लागायची, आणि हे तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे. ती म्हणते की आईबापांना लेकरू जागं असलं काय आणि निजलेलं असलं काय, सारखंच आवडतं. डॉक्टरही शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाला झोपवतातच. तिला पुढे संतपद मिळालं. तेव्हा जपमाळ हातात घेऊन तुम्हाला डुलकी लागली, तर तुम्ही चांगल्या सोबतीत आहात.

तिच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठात राहणाऱ्यांसाठी नियम लिहिले. ते लोक रात्री उठून प्रार्थना करणारे. पण नियम काय सांगतो? हिवाळ्यात अर्ध्या रात्रीपेक्षा थोडी जास्त झोप होऊ द्या, म्हणजे जेवण पचलेलं असेल आणि माणूस ताजा उठेल. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कुणी बोलायचं नाही. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर अंथरुणावर पडून विसावा घ्या, आणि कुणाला वाचायचंच असेल तर दुसऱ्याची झोपमोड होणार नाही असं वाचा. उठण्याच्या वेळी झोपाळूंना हळुवारपणे हुरूप द्या. दीड हजार वर्षांपूर्वी प्रार्थनेलाच वाहून घेतलेल्या माणसांनी झोपेची एवढी काळजी घेतली. मग आपल्या घरात ती काळजी कोण घेणार?

इथे खरी गाठ आहे. बाईची झोप ही एकट्या बाईच्या हातात नसते. सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या, घरकाम करणाऱ्या बायकांची घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे बाई जवळजवळ पाच तास आणि पुरुष दीड तास. शेतातली, मजुरीची कामं यात धरलेलीच नाहीत. मग बाईची झोप कुठून येणार? "बाई, लवकर झोप गं" असं म्हणून ती येत नाही. मुलाने भांडी विसळली, लेकीने पाणी भरलं, कारभाऱ्यांनी सकाळची धार काढली, तर येते.

म्हणून कारभारी ऐकत असतील तर त्यांनाही सांगतो. दादा, घरासाठी तिने प्रार्थना करावी असं तुम्हाला वाटतं ना? मग रात्रीचं एक काम तुम्ही घ्या. तिचा अर्धा तास वाचला तर त्यातून तिची झोपही वाढेल आणि प्रार्थनाही. आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना विनंती, की रात्रभराची प्रार्थना ठेवाल तेव्हा चहा-पोहे करणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी किती वाजता उठणार, हेही विचारा. रात्रभर इतर लोक प्रार्थना करणार आणि त्या चुलीशी जागणार, हे बरं दिसत नाही. मार्थेचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं, तर मरीयेसारखं बसायला मार्थेलाही मिळेल.

आता रोज काय करता येईल ते सांगतो. सगळं एकदम करू नका, एखादी गोष्ट धरा.

पहिली, प्रार्थनेची मोठी वेळ रात्री दहावरून हलवा. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी दिवे लागले की सगळं घर मिळून माळेची प्रार्थना करण्याची रीत आहे, ती चांगली आहे. जेवणाच्या आधी, लेकरं जागी असताना, दहा मिनिटं सगळ्यांनी बसावं. स्वतःची निवांत प्रार्थना पहाटे, झोप झाल्यावर करावी. पहाटे अर्धा तास लवकर उठायचं असेल, तर रात्री अर्धा तास लवकर निजायचं. नाहीतर देवाला दिलेला अर्धा तास झोपेच्या खात्यातून काढल्यासारखा होतो.

दुसरी, रात्री अंथरुणावर फक्त पाच मिनिटांची प्रार्थना. तिचे तीन भाग करा. आज काय चांगलं मिळालं, त्याबद्दल आभार. आज काय चुकलं, त्याची क्षमा. आणि उद्याचं जे ओझं आहे, त्याचं नाव घेऊन ते देवाच्या हवाली. नाव घेऊन म्हणजे खरंच नाव घेऊन. "उद्याचा हप्ता", "थोरलीचं लग्न", "धाकट्याचा ताप". श्वास आत घेताना प्रभूचं नाव, सोडताना ते ओझं. मध्येच झोप लागली तर लागू द्या. आमेन राहिलं म्हणून देव प्रार्थना परत पाठवत नाही.

तिसरी, झोपेच्या आड येणाऱ्या गोष्टी. चहाचा परिणाम शरीरात कित्येक तास राहतो, म्हणून संध्याकाळनंतरचा चहा सोडा. निजताना मिश्री लावायची सवय पुष्कळ जणींना आहे. तंबाखू अंग जागवते, झोपवत नाही, आणि तोंडाचा कर्करोगही देते. मोबाईल उशाला नको. त्याच्या उजेडाने मेंदूला अजून दिवस आहे असं वाटतं, आणि प्रवचनाचा व्हिडिओ असला तरी उजेड तोच. शक्यतो रोज एकाच वेळी निजा आणि एकाच वेळी उठा.

चौथी, ज्यांना रात्रीची झोप मिळतच नाही त्यांच्यासाठी. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की पाण्याच्या बारीवर जावं लागतं. बाळंतीण तर रात्रभर उठतच असते. घरात दुखणाईत म्हातारं माणूस असतं. अशा बाईने दुपारी वीस-तीस मिनिटं आडवं व्हावं आणि त्याची लाज बाळगू नये. शेजारणीने "दिवसा लोळते" असं म्हणू नये. गटातल्या दोघी-तिघींनी आळीपाळीने तिचं लेकरू एक तास सांभाळावं, तीही सेवाच. आणि तिची प्रार्थना लांबलचक नसली तरी चालेल. बाळाला पाजताना, मोटार चालू करून बांधावर बसताना एक ओळ पुरे: प्रभू, मी इथे आहे, तूही इथे आहेस.

पाचवी, रात्री मध्येच जाग आली आणि झोप येईना तर. घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं तळमळत राहण्यापेक्षा उठून बसा, उजेड मंद ठेवा, पाठ असलेलं एखादं स्तोत्र मनात हळूहळू म्हणा. किंवा ज्या ज्या माणसांची आठवण येते त्यांना एकेक करून देवापुढे ठेवा. पेंग आली की परत आडवं व्हा. मात्र त्या वेळी कर्जाचा हिशोब किंवा भांडणाचा निकाल करायचा नाही. तो उजाडल्यावर.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. झोप न येणं हा दर वेळी विश्वासाचा प्रश्न नसतो. कित्येकदा तो दवाखान्याचा असतो. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात ५४ जणींना, असं २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. शरीरात लोह कमी असलं की काहींचे पाय रात्री वळवळतात, स्वस्थ पडू देत नाहीत. आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी जायच्या वयात रात्री अंगाची लाही होते, घाम येतो, झोप मोडते. त्यावरही उपाय आहेत. घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, तर ते दाखवायलाच हवं. आणि आठवड्यातून तीनदा किंवा जास्त झोप उडते, असं तीन महिने चाललंय, किंवा मन सारखं उदास आहे, जगणं नको वाटतं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन रात्री-बेरात्रीही चालू असतो आणि तो फुकट आहे. दुकानातून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. एलीयालाही जगणं नको झालं होतं, आणि देवाने त्याच्याकडे कुणालातरी पाठवलं. डॉक्टरीणबाई त्या दूताच्याच जागी आहेत असं समजा.

आणि जिच्या घरात रात्र म्हणजे दारू आणि मारहाण, तिला आम्ही "शांत झोप" असं कसं म्हणू? बाई, मार खात पडून राहणं हा विश्वास नव्हे. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा नंबर लावा. शेजारणींनो, तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि तिच्यासाठी दारही उघडं ठेवा.

शेवटी एवढंच. पुढच्या बैठकीपर्यंत सात दिवस प्रत्येकीने आपल्या झोपेचे तास वहीत मांडून आणावेत. बचतीच्या वहीशेजारीच ती वही ठेवू. कुणाची तूट किती ते बघू आणि कुणाचं कुठलं काम कोण उचलू शकतं ते ठरवू. ज्यांना वाटेल त्यांनी आता डोळे मिटून आमच्याबरोबर प्रार्थना करावी.

हे प्रभू, तू नावेत निजला होतास, म्हणून आमचा थकवा तुला ठाऊक आहे. आज जे झालं ते तुझं, जे राहिलं तेही तुझ्या हाती. आमची लेकरं, आमची गुरं, आमचं पीक, आमचं देणं तू राख. रात्री बारीवर गेलेल्यांना सुखरूप आण. दुखणाइतांना आराम दे. आमच्या घरातल्या माणसांना आमचा भार उचलायची बुद्धी दे. आम्हाला निजव, आणि उजाडलं की तुझा आवाज ऐकायला उठव. आमेन.

गटात बोलण्यासाठी
१. आपल्यापैकी कुणाची झोप सगळ्यात कमी होते आणि कशामुळे?
२. घरातलं रात्रीचं कुठलं एक काम दुसऱ्याकडे देता येईल? ते घरात कसं सांगाल?
३. आपल्या प्रार्थनासभेची वेळ बायकांना सोयीची आहे का? नसेल तर कुठली वेळ सुचवाल?